बेल वाजलीच नाही

"अरे, मी बेल दाबत होते रे. किती वेळ दाबत होते. पण ती वाजलीच नाही."

जानेवारीतल्या त्या दुपारी आई एवढंच परत परत सांगत होती. समोरच्या घरातल्या बाईंच्या सोफ्यावर, दोन ब्लँकेटं अंगावर घेऊन ती बसली होती. कॉफीचा मग तिने दोन्ही हातांनी धरला होता, कारण बोटांना अजून नीट पकड येत नव्हती. मी ऑफिसातून चाळीस मिनिटं गाडी चालवत आलो होतो आणि काय बोलावं हे मला सुचत नव्हतं.

आम्ही शिकागोजवळच्या नेपरव्हिलला राहतो. आई-बाबा ऑक्टोबरमध्ये सांगलीहून आले होते, सहा महिन्यांसाठी. मी आणि बायको दोघंही नोकरीला, पाच वर्षांची लेक शाळेत. दुपारी घरात आई-बाबा दोघंच. त्या दिवशी तापमान होतं उणे १८ सेल्सिअस आणि वाऱ्यामुळे जाणवत होतं उणे २८. आई उरलेला भात पोर्चवर ठेवायला दाराबाहेर आली. खारी येतात म्हणून रोज ठेवते. अंगावर साडी, स्वेटर आणि पायात घरातली चप्पल. वाऱ्याने दार मागे ओढलं गेलं आणि लॅच लागलं. मोबाइल आत. बाबा वरच्या खोलीत यूट्यूबवर बातम्या बघत होते, कानाचं यंत्र टेबलावर काढून ठेवलेलं. आईने बेल दाबली. मग दार ठोठावलं. मग परत बेल दाबली.

दहा-बारा मिनिटं गेली असतील. समोरच्या निवृत्त बाई स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी भांडी विसळत होत्या. त्यांना ही दारात उभी दिसली. त्या कोट चढवून धावत आल्या, आईला घेऊन गेल्या आणि बायकोला फोन केला. आईच्या कानाच्या पाळ्या आणि बोटं लालभडक झाली होती, पण डॉक्टरांनी तपासून काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं. अशा थंडीत आणि वाऱ्यात उघड्या कातडीला अर्ध्या तासात हिमदंश होऊ शकतो. आम्ही थोडक्यात वाचलो होतो.

रात्री सगळे झोपल्यावर मी फोन उघडला. आदल्या रात्री अकरा वाजता बेलच्या अॅपने मला कळवलं होतं: बॅटरी कमी, उपकरण लवकरच बंद पडेल. मी ती सूचना बोटाने बाजूला सारून झोपलो होतो. पोटापाण्यासाठी मी काय करतो? कंपनीचा सर्व्हर बंद पडला तर कुणाला, किती सेकंदांत कळलं पाहिजे, याचे प्रोग्रॅम लिहितो.

अॅपमध्ये मागच्या पंधरवड्याची रेकॉर्डिंगं होती. पार्सलवाले, पत्रं टाकणारी बाई, आईच्या भातावर येणाऱ्या खारी. ती बारा मिनिटं मात्र नव्हती.

दहा मिनिटांत बसणारी बेल

ती बेल मीच लावली होती, दोन वर्षांपूर्वी. बॅटरीवर चालणारी, वायफायवाली. दोन स्क्रू पिळायचे, अॅप उतरवायचं, झालं काम. तेव्हा मी बायकोला फुशारकीने सांगितलं होतं, दहा मिनिटांत बसवली म्हणून.

अशा बेलमध्ये लिथियम-आयन बॅटरी असते. थंडीत तिची ताकद झपाट्याने घटते. आणि शून्याखाली अशी बॅटरी चार्ज करणं तिला अपायकारक असतं, म्हणून बऱ्याच बेल गोठणबिंदूखाली चार्जिंगच थांबवतात. म्हणजे दारातल्या जुन्या तारा तिला जोडल्या तरी कडक हिवाळ्यात बॅटरी उतरतच जाते. जिथे वर्षातले तीन महिने बर्फ असतं, तिथे मी दाराच्या बाहेर बॅटरी टांगून ठेवली होती.

दुसऱ्या दिवशी नाश्त्याला बाबा म्हणाले, "तारेची बेल लाव. तार असेल तर बेल वाजते."

बाबा वीज मंडळातून कनिष्ठ अभियंता म्हणून निवृत्त झाले. आदल्या दिवसापासून ते फारसे बोलले नव्हते. आई बाहेर उभी असताना आपण वर बातम्या बघत बसलो होतो, हे त्यांना फार लागलं होतं. त्यांनी तसं म्हटलं नाही, पण कानाचं यंत्र त्या दिवसापासून उठल्यापासून झोपेपर्यंत कानात असे.

मी म्हटलं, "बाबा, लावू या. पण तुम्ही बरोबर पाहिजे."

दोन वाटा

अमेरिकेतल्या जुन्या घरांमध्ये बेलची व्यवस्था साधी असते. तळघरात मीटरच्या पॅनेलजवळ एक छोटा ट्रान्सफॉर्मर, जो १२० व्होल्टचे १६ व्होल्ट करतो. तिथून दोन बारीक तारा दारातल्या बटणाकडे आणि डिंग-डाँगच्या डब्याकडे. डब्यात लोखंडी दांडी असलेली गुंडाळी. बटण दाबलं की दांडी एका पट्टीवर आपटते, 'डिंग'. सोडलं की दुसऱ्या पट्टीवर, 'डाँग'. आमचं घर १९८० च्या दशकातलं, आणि हे सगळं जागच्या जागी होतं. मी फक्त बटण काढून त्याच्या जागी माझी स्मार्ट बेल चिकटवली होती.

तारेच्या व्हिडिओ बेलला दोन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे याच दोन तारांवर चालणारी बेल. तिला साधारणपणे १६ ते २४ व्होल्ट एसी लागतात. पण नुसते व्होल्ट पाहून भागत नाही. बाबांनी टॉर्च लावून आमच्या ट्रान्सफॉर्मरवरचं लेबल वाचलं: १६ व्होल्ट, १० व्हीए. "हा फक्त दांडी आपटण्यापुरता आहे. कॅमेरा चोवीस तास चालणार, त्याला हा कसा पुरेल?" अशा बेलना अनेकदा ३० व्हीएपर्यंतचा ट्रान्सफॉर्मर लागतो. शिवाय डिंग-डाँगच्या डब्यात एक छोटं मॉड्यूल बसवावं लागतं, म्हणजे कॅमेऱ्याला लागणारा करंट सतत मिळतो आणि डबा गुणगुणत बसत नाही. चित्र मात्र वायफायवरूनच जातं.

दुसरी वाट म्हणजे नेटवर्कची एकच केबल. तिच्यातूनच वीज आणि तिच्यातूनच चित्र. याला पीओई म्हणतात, म्हणजे पॉवर ओव्हर इथरनेट. त्याचं पहिलं प्रमाण २००३ मध्ये ठरलं. एका केबलवरून स्विच १५.४ वॉटपर्यंत वीज देऊ शकतो, आणि बेलला ती पुरेशी असते. केबल शंभर मीटरपर्यंत टाकता येते. बॅटरी नाही, वायफाय नाही.

आमच्या तळघरात रेकॉर्डर आधीपासून होता. गॅरेज, ड्राइव्हवे आणि मागचं अंगण असे तीन कॅमेरे त्याला जोडलेले. फक्त पुढच्या दाराचं चित्र त्या बेलच्या कंपनीच्या सर्व्हरवर जात होतं, आणि त्यासाठी मी दरमहा पैसे भरत होतो. दुसरी वाट घेतली तर दाराचंही रेकॉर्डिंग घरातच राहणार होतं. आम्ही दुसरी वाट घेतली.

तांब्याचा मुलामा

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी तापमान शून्याच्या वर गेलं आणि आम्ही कामाला लागलो.

सुरुवातच फसली. मी स्वस्त बघून ऑनलाइन मागवलेली केबल बाबांनी हातात घेतली, वजन पाहिलं आणि ब्लेडने एक तार खरवडली. वरचा तांबूस रंग गेला आणि आत पांढरी चकाकी दिसली. "हे तांबं नाही. अॅल्युमिनियमला तांब्याचा मुलामा दिलाय." खोक्यावर बारीक अक्षरात सीसीए लिहिलेलं होतं, ते मी वाचलंच नव्हतं. अशा तारेचा रोध जास्त असतो, तिच्यातून वीज न्यायची तर ती तापते आणि टोकाला व्होल्टेज पडतं. पीओईसाठी ती वापरू नये. केबल परत केली आणि शुद्ध तांब्याची कॅट-६ आणली. तुम्ही विकत घेणार असाल तर खोक्यावर 'प्युअर कॉपर' किंवा 'बेअर कॉपर' आहे का ते आधी वाचा.

मग माझा हुशार प्लॅन. दारातल्या जुन्या तारेच्या टोकाला नवी केबल बांधायची आणि तळघरातून जुनी ओढून घ्यायची, की नवी आपोआप खाली येईल. ओढली, तर जुनी तार हलेचना. घर बांधणाऱ्याने ती भिंतीच्या आत लाकडाला स्टेपलने ठोकून टाकली होती. बाबा हसले. "तुझ्या कॉम्प्युटरमध्ये असं सोपं होत असेल. भिंतीत तसं नसतं."

शेवटी तळघराच्या छताकडून, पुढच्या भिंतीच्या बुडाच्या लाकडात खालून भोक पाडलं. मेन बंद करून, टेस्टरने तपासून, कारण त्याच भिंतीत पोर्चच्या दिव्याची लाइन होती. मी वर भोकापाशी आणि बाबा खाली, वायर ओढायची स्टीलची लांब पट्टी घेऊन. बाहेरच्या भिंतीत काचलोकर भरलेली असते, पट्टी तिच्यात अडकते. पाऊण तास आमचं "आली का?", "नाही हो", "आता?", "थोडं डावीकडे" चाललं होतं. आई दोनदा चहा देऊन गेली. तिसऱ्यांदा ती नुसतीच पायऱ्यांवर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मी बाहेर होते तेवढ्यापेक्षा जास्त वेळ झाला की." तिने ते हसत म्हटलं. आम्ही दोघं काही बोललो नाही.

पट्टी आली, केबल आली. टोकाला प्लग बसवायचा राहिला. तो आधी बसवला तर भोकातून जात नाही, म्हणून केबल ओढून झाल्यावरच बसवायचा. आठ तारांचा क्रम पाठ लागतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. बाबा चष्मा नाकावर घेऊन रंग म्हणत होते आणि नात त्यांच्यामागून इंग्रजीत म्हणत होती. पहिला प्लग मी चुकीचा दाबला, दुसरा बाबांनी दाबला, तो पहिल्याच फटक्यात चालला.

बेल जमिनीपासून साधारण चार फुटांवर बसवली. पाणी आत जाऊ नये म्हणून वरच्या आणि दोन्ही बाजूच्या कडेला सिलिकॉन भरलं. खालची कड मोकळी सोडायची, म्हणजे आत आलेलं पाणी बाहेर पडतं.

रेकॉर्डरशी जुळवून घेताना

आता माझं खातं सुरू झालं, असं मला वाटलं. बेल एका कंपनीची आणि रेकॉर्डर दुसऱ्या. त्यांची भाषा एक असावी म्हणून ऑनव्हिफ नावाचं प्रमाण आहे. अॅक्सिस, बॉश आणि सोनी या तीन कंपन्यांनी २००८ मध्ये त्याची सुरुवात केली. बेल आणि रेकॉर्डर दोन्हींवर ते नाव असेल तर चित्र बहुतेक वेळा जुळतं. पण मी ज्या तीन ठिकाणी अडकलो ती सांगतो, म्हणजे तुमचा रविवार वाचेल.

पहिली अडचण: रेकॉर्डरच्या मागेच पीओईचे पोर्ट होते, म्हणून मी केबल सरळ त्यात खोचली. चित्र आलं, पण फोनवर बेल दिसेना आणि स्वयंपाकघरातलं वाजणारं यंत्रही गप्प. बऱ्याच रेकॉर्डरमध्ये या पोर्टांचं आपलं वेगळं, आतल्या आत बंद असलेलं नेटवर्क असतं. तिथला कॅमेरा घरातल्या इतर उपकरणांना दिसत नाही. साध्या कॅमेऱ्याचं त्यात काही बिघडत नाही, पण बेलला तर फोनशीही बोलायचं असतं. म्हणून केबल राउटरला जोडलेल्या एका छोट्या पीओई स्विचमध्ये लावली आणि रेकॉर्डरला बेलचा पत्ता हाताने दिला. राउटरमध्ये तो पत्ता कायमचा राखून ठेवा, नाहीतर वीज जाऊन आली की पत्ता बदलतो आणि रेकॉर्डर जुन्याच पत्त्यावर शोधत बसतो.

दुसरी: बेलमध्ये ऑनव्हिफ मुळात बंद होतं. अॅपच्या सेटिंगमध्ये जाऊन ते चालू करावं लागलं, आणि त्यासाठी पासवर्डही वेगळा द्यावा लागला.

तिसरी सगळ्यांत महत्त्वाची. रेकॉर्डरला चित्र कळतं, हालचाल कळते, पण कुणी बटण दाबलं हे दुसऱ्या कंपनीच्या रेकॉर्डरला अनेकदा कळतच नाही. दाराशी उभ्या माणसाशी बोलणंही बेलच्या स्वतःच्या अॅपमधूनच होतं. म्हणजे रेकॉर्डर आठवण ठेवतो, वाजवत नाही. वाजण्याची सोय वेगळी करावी लागते. आम्ही वाजणारी दोन यंत्रं घेतली, एक स्वयंपाकघरात आणि एक बाबांच्या खोलीत. बाबांच्या खोलीतल्या यंत्रावर दिवाही लुकलुकतो.

डिस्कचा हिशोब सोपा आहे. एका कॅमेऱ्याचा प्रवाह सेकंदाला ४ मेगाबिट धरला तर दिवसाला सुमारे ४३ जीबी होतात. चार कॅमेऱ्यांचे १७३. आमची डिस्क २ टीबीची, म्हणजे अकरा-बारा दिवस. मग सगळ्यांत जुन्यावर नवं लिहिलं जातं. पुढच्या दाराचं रेकॉर्डिंग मी सलग ठेवलं, हालचाल झाल्यावरचं नाही. स्विच, राउटर आणि रेकॉर्डर तिन्ही एका यूपीएसवर आहेत. वीज गेली तरी बेल काही वेळ चालते.

हे सगळं झाल्यावर मी विजयी मुद्रेने वर आलो. बाबा म्हणाले, "छान. आणि तुझा राउटर बंद पडला तर?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते म्हणाले, "जुनी बेल काढायची नाही."

डिंग-डाँगचा डबा भिंतीवर होताच, तळघरात ट्रान्सफॉर्मर होता, दोन तारा दारात होत्या. बाबांनी हार्डवेअरच्या दुकानातून साधं बटण आणायला लावलं आणि त्याच तारा भिंतीच्या कडेने फूटभर खाली आणून तिथे ते बसवलं. इतकं खाली का, मी विचारलं. ते म्हणाले, "वरच्या बेलला हिचा हात पोचत नाही." नातीने बटण दाबलं. डिंग-डाँग. त्या संध्याकाळी तिने ते किती वेळा दाबलं याची मोजदाद नाही.

क्वीन्समधली नर्स

त्या रात्री वाचता वाचता मला एक गोष्ट सापडली. दारावर कॅमेरा लावण्याची कल्पना कुठल्या मोठ्या कंपनीची नाही. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राउन या कृष्णवर्णीय नर्सची ती आहे. तिच्या आणि नवऱ्याच्या कामाच्या वेळा जुळत नसत, रात्री-अपरात्री ती घरात एकटी असे. तिने नवरा अल्बर्ट याच्यासोबत १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि २ डिसेंबर १९६९ रोजी ते मिळालं. दाराला वेगवेगळ्या उंचीवर भोकं, त्यांच्यामागे वर-खाली सरकणारा कॅमेरा, आत दूरदर्शनसारखा पडदा, बाहेरच्याशी बोलायची सोय आणि आतूनच कडी उघडायचं बटण. भोकं वेगवेगळ्या उंचीवर, म्हणजे उंच माणूसही दिसावा आणि लहान मूलही.

मी बाबांना ते चित्र दाखवलं. ते बघून ते फक्त एवढंच म्हणाले, "बघ, तिलाही कळलं होतं."

घरातलं घरात

रेकॉर्डिंग घरात ठेवलं म्हणजे आपण सुरक्षित झालो असं नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या प्रोग्रॅमने जगभरातले कॅमेरे आणि रेकॉर्डर ताब्यात घेतले, तेही काही मोठी करामत न करता. कारखान्यातून आलेले पासवर्ड लोकांनी बदललेच नव्हते. त्या वर्षी ऑक्टोबरमध्ये अशाच उपकरणांच्या माऱ्यामुळे अमेरिकेतल्या कित्येक मोठ्या वेबसाइट काही तास बंद पडल्या. म्हणून पासवर्ड बदला, सॉफ्टवेअर अपडेट करत राहा, आणि रेकॉर्डर बाहेरून बघता यावा म्हणून राउटरचा पोर्ट उघडू नका. मी बाहेरून बघायचं तर व्हीपीएनने आधी घरच्या नेटवर्कमध्ये शिरतो, मग बघतो.

दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवण्याचीही जोखीम आहेच. २०२३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने रिंग या कंपनीवर, कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे खासगी व्हिडिओ बघता येत होते असा आरोप ठेवला आणि प्रकरण ५८ लाख डॉलरवर मिटलं.

आमच्या इलिनॉय राज्यात तर कायदेही कडक आहेत. चेहऱ्यासारखी शारीरिक ओळख संमतीशिवाय साठवण्यावर २००८ पासून बंधन आहे, आणि दुसऱ्यांचं खासगी बोलणं गुपचूप रेकॉर्ड करणं हा गुन्हा आहे. म्हणून दारावर छोटी पाटी लावली, की इथे चित्र आणि आवाज रेकॉर्ड होतो. तुमच्या राज्यात किंवा देशात नियम काय आहे, ते लावण्यापूर्वी बघून घ्या.

एक गोष्ट राहिली होती. नव्या बेलच्या चित्रात समोरच्या बाईंची स्वयंपाकघराची खिडकी स्पष्ट दिसत होती. चित्रातला तेवढा भाग काळा करायची सोय असते. मी तो काळा केला आणि फोन घेऊन त्यांना दाखवायला गेलो. त्यांनी काळा चौकोन पाहिला आणि हसून विचारलं, "म्हणजे आता तुम्ही मला बघू शकत नाही, पण मी तुम्हाला बघू शकते?"

मी म्हटलं, "हो. तसंच राहू द्या, प्लीज."

आईची अट

बेल लागून आठवडा झाला असेल. मी ऑफिसात होतो, फोनवर सूचना आली: दारात हालचाल. उघडून पाहिलं तर आई, हातात भाताची वाटी. डोक्याला स्कार्फ नाही. मी लगेच बेलमधूनच बोललो, "आई, स्कार्फ घाल ना!"

ती दचकली. वाटी खाली पडली. तिने इकडेतिकडे पाहिलं, मग बेलकडे पाहिलं आणि काही न बोलता आत गेली.

संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "बेल लावलीस, बरं केलंस. पण मी दार कधी उघडते आणि काय घालून उघडते, हे तू तिकडे बसून बघायचं नाहीस. मला गरज लागली तर मी बेल दाबीन. तेव्हा मात्र ये."

मला राग आला होता. आदल्या महिन्यात ती थंडीत अडकली होती आणि आता मी काळजी करायची नाही? बायकोने मला बाहेर नेऊन विचारलं, "तुला कुणी असं दिवसभर बघितलं तर चालेल?" मी त्याच रात्री हालचालीच्या सूचना बंद केल्या. आता फोन वाजतो तो फक्त कुणी बटण दाबलं तर, आणि दर रविवारी बेल चालू आहे का हे मी स्वतः दाबून बघतो. आईच्या गळ्यात दाराची किल्ली असलेली एक दोरीही आली. ती किल्ली सगळ्या यंत्रांपेक्षा कामाची आहे, हे कबूल करायला हवं.

मार्चअखेर आई-बाबा परत गेले. जुलैत आम्ही सांगलीला गेलो, तेव्हा बाबांनी स्वतःच विषय काढला. तिथेही अशीच बेल हवी. इथे परदेशातल्या वाचकांना एक सावधगिरीची सूचना. अमेरिकेतली दोन तारांची बेल बॅगेत टाकून घरी नेऊन लावू नका. भारतातल्या बहुतेक घरांत बेलच्या बटणावर ट्रान्सफॉर्मर नसतो, सरळ २३० व्होल्ट येतात. १६ ते २४ व्होल्टची बेल तिथे जोडली तर ती जळेलच, आणि जोडणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. पीओईची बेल असेल तर हा प्रश्न येत नाही, कारण तिला मेनची तार लागतच नाही. स्विच आणि रेकॉर्डर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले. आमच्या घराने २०१९ चा पूर पाहिलाय, म्हणून रेकॉर्डर माळ्यावर ठेवला. गल्लीतल्या इलेक्ट्रिशियनने प्लग दोन मिनिटांत दाबला आणि माझ्या हातातला क्रिम्पर बघून विचारलं, "साहेब, हे अमेरिकेतनं आणलंय व्हय?"

आईच्या अटी आधीच ठरल्या होत्या. कॅमेरा दाराबाहेर एकच, घरात एकही नाही. पडदा त्यांच्या हॉलमध्ये, म्हणजे जे दिसेल ते आधी त्यांना दिसेल. माझ्या फोनवर फक्त बेल वाजेल.

सांगलीत सकाळी साडेसहाला दूधवाला येतो. उन्हाळ्यात आमच्याकडे तेव्हा आदल्या दिवशीचे रात्रीचे आठ वाजलेले असतात, आम्ही जेवायला बसलेलो असतो. माझा फोन वाजतो. लेक ओरडते, "आजीकडे दूध आलं!" मी चित्र उघडत नाही. आम्ही तिघं जरा थांबतो. बेल दुसऱ्यांदा वाजली नाही, म्हणजे आजीने दार उघडलं. मग पुढचा घास.